गोजराईचा विळा

फार वर्षांपूर्वी, तांबवी नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. तांबवी तशी लहानच. घोडेडोंगरावर उगम पावते, खिंडीतून धडपडत खाली येते आणि आडवण गावाच्या वेशीशी वळते. त्या वळणावर तिला एक फाटा होता. एरवी कोरडा, पण पूर आला की जादा पाणी त्या फाट्यानं गावामागून निघून जायचं.

फाट्यातली गाळाची माती पाहून रंभाजी मोकाश्याला हाव सुटली. त्यानं दगडमातीचा बांध घालून फाट्याचं तोंड बंद केलं आणि आत हळद लावली. मोठ्या माणसाला कोण बोलणार?

त्या वर्षी हस्ताचा पाऊस लागला तो थांबेचना. तांबवी फुगली, वळली, बांधाला धडकली आणि गावात शिरू लागली. त्याच दिवशी रंभाजीची लेक चांगुणा, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, ती अडली.

सुईण होती गोजराई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, ही तिची रीत. तिनं कुलपं काढवली, बायकांचे अंबाडे सोडवले, गोठ्यातली दावी सोडवली. तरी सुटका होईना. पाणी ओसरीला लागलं. चांगुणाचा आवाज बसत चालला.

गोजराई बाहेर येऊन म्हणाली, "रंभाजी, घरातल्या समद्या गाठी सुटल्या. नदीला तू घातलीस ती तेवढी ऱ्हायली."

"आई, समदी हळद व्हावून जाईल," रंभाजी पुटपुटला.

"आन् लेक?"

गोजराईनं चांगुणाला बायकांच्या हाती दिलं, नाळ कापायचा विळा कमरेला खोचला आणि पाण्यातून बांध गाठला.

असं म्हणतात, तिनं विळ्याचा एकच घाव घातला आणि बांध उभा चिरला. काही शहाणे म्हणतात, बांध पाण्यानंच फुटला. म्हणोत बापडे! मागून धावत आलेला रंभाजी हातांनी माती उकरत होता, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. पाणी फाट्यानं धावलं, गावातलं ओसरलं, चांगुणा सुटली, आणि पुराच्या आवाजावर चढून तिच्या तान्ह्या पोरीचं रडणं बांधापर्यंत ऐकू आलं, असं म्हणतात.

रंभाजीनं हसून वळून पाहिलं, तर गोजराई नव्हती. विळा पुढं, फाटा परत नदीला मिळतो त्या संगमावर सापडला, गाळानं जराही न माखलेला.

आजही त्या फाट्यात कुणी नांगर घालत नाही. आणि आडवणात बाई अडली की तिचा बाप, कितीही मोठा असो, फाट्याच्या तोंडाशी जातो, हातांनी माती उकरतो आणि म्हणतो, "गोजराई, वाट मोकळी हाय."

मग रडणं ऐकू येईपर्यंत तो तिथून उठत नाही.