रुंजीचं गाणं

"ताईचं गाणं निवडताना मला कुणीच का अडवलं नाही?" इवला शिंजीर पक्षी साऱ्या रानाला विचारत फिरला.

फार पूर्वी पाखरांची गाण्याची परीक्षा असे. गाणं घरच्यांनी निवडायचं आणि पाखरानं ते मध्येच सोडायचं नाही, अशी रीत होती. शिंजिराची बहीण रुंजी, तिचा गळा अजून अर्धाच तयार होता.

"अरे, मला छोटंच दे. त्यात श्वास घ्यायला जागा आहे," ती म्हणाली.

"ते तर पंख न फुटलेली पिल्लंही गातात, ताई. दयाळ पक्ष्याचं लांबलचक गाणं गा. सगळे तोंडात बोटं घालतील."

धाकट्याचं मन तिला मोडवलं नाही. तिसऱ्या तानेला तिचा श्वास संपला, तरी ती गातच राहिली आणि मग फांदीवरून खाली कोसळली.

"पुढचा," परीक्षक म्हणाले.

शिंजीर खाली उतरला. तिची चोच सुरासाठी उघडीच राहिली होती. त्यानं ती हळूच मिटली.