खालचा निरोप

रस्त्यावर मोटारी मोजक्याच होत्या आणि त्यांचे सुटे भागही आपसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या गाडीच्या इंजिनात माथ्यावर एक व्हॉल्व्ह राहायचा. इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून उघडायचं नि मिटायचं, एवढंच त्याचं काम. कधी उघडायचं ते सांगणारा कॅम मात्र तळाशी बसायचा. त्याचा निरोप वर आणायची एक लांब दांडी, आणि व्हॉल्व्ह तिच्यावर कायम करवादायचा.

एकदा बाबालाल मिस्त्रीच्या गॅरेजात शेजारी नव्या घडणीची गाडी येऊन उभी राहिली. तिचा व्हॉल्व्ह तोऱ्यात म्हणाला, "आमचा कॅम आमच्या डोक्यावरच बसतो. दांड्याबिंड्यांची भानगडच नाही. म्हणून तर आम्ही एवढे सुसाट धावतो."

"ऐकलंस?" जुना व्हॉल्व्ह दांडीवर खेकसला. "तू नसतीस तर मीही धावलो असतो."



तेवढ्यात मिस्त्रीने नव्या इंजिनाचं झाकण काढलं. तळापासून माथ्यापर्यंत एक पट्टा ताणलेला होता, कडेने फाटत आलेला.

"वेळेत आणलीत, ताई," तो त्या गाडीच्या मालकिणीला म्हणाला. "कॅमला फिरवतो तो हाच. तुटला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले असते."

"हा पट्टा कोण रे?" जुन्या व्हॉल्व्हने विचारलं.

"कुणास ठाऊक," नवा पुटपुटला. "आम्ही कधी खाली पाहिलंच नाही."

जुन्या व्हॉल्व्हने खाली दांडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दांडीताई, दमतेस का गं?"

मिस्त्रीने जुन्या गाडीची चावी फिरवली.

"मग बोलू," दांडी म्हणाली. "खालून निरोप आलाय. उघड."