तबिथाने मागे पावले टाकत दिलेली परीक्षा

आंबीदरे गावी आले की फिरते ख्रिस्ती कीर्तनकार शिमोन महाराज उतरत ते लाजरस दोरवाल्याच्या झोपडीतच. गावात पाटलांची माडी होती, थिओफिल मास्तरांचे कौलारू घर होते. पण महाराजांची पावले ओढ्याकडेच वळायची. लाजरसच्या दारात घायपाताची पाने कुजत घातलेली असत आणि त्यांचा वास असा, की पाहुण्याने नाकाला पदर लावून परत फिरावे. महाराज मात्र वीणा खुंटीला अडकवून हसत म्हणायचे, "लाजरसा, तुझ्या घराला पाटीची गरज नाही. आंधळासुद्धा बिनचूक येईल!"

या घराशी त्यांचे नाते जुने होते. लाजरसचा बाप सयाजी हा गावातला बाप्तिस्मा घेतलेला पहिला माणूस. "महाराज, मला परभूचं शिकवा," असे तो म्हणाला खरा, पण अक्षर येत नव्हते आणि काम थांबवले तर चूल थांबत होती. दोर वळायला माणसे लागतात दोन. एकाने वाख, म्हणजे घायपाताचे धागे, मांडीवर घेऊन बसायचे आणि बोटांनी तो सोडत राहायचे; दुसऱ्याने लाकडी फिरकी फिरवत, पीळ देत, पाऊल पाऊल मागे सरायचे. महाराजांनी सरळ फिरकी हातात घेतली. पाच पावले मागे गेले की एक प्रश्न, मग त्याचे उत्तर, आणि उत्तर बरोबर आले की फिरकीला एक झटका. पीळही पक्का बसायचा आणि उत्तरही. अशी बेचाळीस प्रश्नांची अख्खी धर्मप्रश्नोत्तरी सयाजीच्या हाडात मुरली. पुढे सयाजीने ती लाजरसला दिली आणि लाजरसने आपल्या एकुलत्या एक लेकीला, तबिथाला. केवढे हे वैभव! ज्या घरात धड दोन पातेली नव्हती, त्या घरात तीन पिढ्यांचा विश्वास नांदत होता, आणि लाजरसला त्याचा सार्थ अभिमान होता.

त्या वर्षी बिशपसाहेब दृढीकरणासाठी येणार होते. ते तीन वर्षांतून एकदा येत. मुलांची आधी परीक्षा व्हायची. उत्तीर्ण होईल त्याच्या मस्तकावर साहेब हात ठेवणार आणि त्याच दिवसापासून तो प्रभूच्या मेजावर बसणार. लाजरसला खोकल्याने धरले होते. आणखी तीन वर्षे आपण काढू, असे त्याला वाटत नव्हते. लेकीला प्रभुभोजन घेताना एकदा डोळ्यांनी पाहावे, मग डोळे मिटले तरी चालतील, एवढीच त्याची मागणी होती.

यादी होती थिओफिल मास्तरांच्या हाती. मास्तर विद्वान खरे, पण त्यांच्या विद्येला गर्वाची वाळवी लागली होती. तबिथाचे नाव घालायला लाजरस गेला, तेव्हा ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "शाळेत किती दिवस आली रे ती?"

"कामामुळं जमलं न्हाई जी. पर समदे प्रश्न येत्यात तिला. दोर वळताना म्या घेतो की म्हनून."

"दोर वळताना!" मास्तर मोठ्याने हसले. "अरे, धर्म म्हणजे काय घायपात आहे? कुजवला, ठोकला, की निघाला वाख? बरं, घालतो नाव. साहेबांपुढे फजिती झाली म्हणजे तुझं तुलाच कळेल. आणि मग ओढ्याकाठच्या पोरांची नावं पुन्हा या यादीत यायची नाहीत, हेही सांगून ठेवतो."

लाजरस मान खाली घालून घरी आला. महाराज आदल्याच संध्याकाळी आले होते. त्यांनी सारे ऐकून घेतले. परीक्षेच्या सकाळी निघताना ते म्हणाले, "लाजरसा, माझ्या खांद्यावरच्या पडशीचा बंद तुटलाय. मूठभर वाख आणि तुझी फिरकी बरोबर घे. सवड मिळाली की वळून टाकू."

ख्रिस्तमंदिर माणसांनी भरले होते. वेदीजवळ खुर्चीवर बिशपसाहेब बसले होते. शेजारी प्रश्नोत्तरीचे पुस्तक घेऊन मास्तर. शाळेतली मुले पोपटासारखी घडाघडा बोलून गेली. मग तबिथाचे नाव पुकारले गेले. धुतलेले लुगडे नेसून ती पुढे उभी राहिली.

"तुला कोणी निर्माण केलं?" मास्तरांनी विचारले.

हा तर पहिला प्रश्न! लाजरसचे ओठ आपोआप हलले. पण तबिथा गप्प. मास्तरांनी दुसरा विचारला, तिसरा विचारला. पोरीच्या मोकळ्या हातांची बोटे नुसती एकमेकांत फिरत होती, आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. मागच्या बाकांवर हशा पिकला. एका क्षणात लाजरसला आपली चूक उमगली. जन्मात एकदाही त्याने पोरीला स्वस्थ उभे करून प्रश्न विचारला नव्हता! तिचे उत्तर चालत्या पायात आणि फिरत्या हातात होते. पाय थांबले, हात रिकामे झाले, तसे उत्तरही थांबले.

"पाहिलंत साहेब?" मास्तर म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं. दोरवाल्याने दोर वळावा."

लाजरसला वाटले, भुई दुभंगावी आणि पोटात घ्यावे. तोच शेवटच्या बाकावरून महाराज उठले.

"साहेब, सलाम," महाराज म्हणाले. "एक विनंती आहे. माझ्या पडशीचा बंद वळायचा राहिलाय. या बापलेकीला तो इथेच वळू द्या, आणि वळता वळता मास्तरांनी प्रश्न विचारावेत."

मास्तर तावातावाने काही बोलणार, तेवढ्यात बिशपसाहेबांनी हात वर केला. वय झालेले, पावसाळे पाहिलेले गृहस्थ ते. म्हणाले, "वळू द्या."

लाजरस वेदीच्या पायरीशी बसला. मांडीवर मूठभर वाख. दोन-तीन हात बंदापुरता, फार नाही. महाराज जवळ आले, त्या वाखावर आपला तळवा ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, याच्यापाशी आहे ते एवढंच आहे." तबिथाने फिरकीला टोक अडकवले आणि एक पाऊल मागे टाकले.

"तुला कोणी निर्माण केलं?"

खणखणीत उत्तर आले! फिरकीला झटका बसला. दुसरा प्रश्न, दुसरे उत्तर, दुसरा झटका. पोर मागे मागे सरकत बाकांच्या मधून चालली. दहाव्या उत्तराला ती दारात पोहोचली, तेव्हा लाजरसने खाली पाहिले. मांडीवर वाख होता तेवढाच होता. वाटले, डोळ्यांत पाणी आहे म्हणून तसे दिसत असेल. त्याने डोळे पुसले, तरीही तेवढाच!

तबिथा उंबरा ओलांडून बाहेर गेली. उत्तरे ऐकू येईनात, म्हणून बिशपसाहेब झगा सावरत उठले आणि तिच्यामागून निघाले. साहेब निघाले तसे मास्तर निघाले, मास्तर निघाले तसे सारे मंदिर रिकामे झाले. एक दोरवाल्याची पोर मागे पावले टाकतेय आणि तिच्यासमोर खुद्द बिशपसाहेब तिचा शब्द न् शब्द झेलत चालले आहेत! आंबीदऱ्याने असा सोहळा पाहिला नव्हता.

आत उरले लाजरस आणि महाराज. लाजरसला आता काही ऐकू येत नव्हते. बोटांत वळला जाणारा पेड तेवढा जिवंत होता. दर पाच पावलांना एक झटका येई आणि तो मनात मोजी. पहिले वीस झाले. पोर चिंचेपाशी पोहोचली असेल. दुसरे वीस भरत आले. आता ओढ्याचा उतार. बोटे वाख सोडत होती आणि वाख सरत नव्हता. एकेचाळीस. बेचाळीस! पण पेड सैल पडेना. तो ताणलेलाच राहिला.

"महाराज, प्रश्न तर संपलं! पोर थांबली का बरं?"

"मास्तरांचे संपले नसतील," महाराज म्हणाले. "धरून ठेव."

लाजरसने पेड घट्ट धरला. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग झटका आला, असा जोराचा की बोटे कापली. त्रेचाळिसावा!

ओढ्याकाठी काय घडले ते त्याला लोकांनी नंतर सांगितले. बेचाळीसही उत्तरे अचूक आल्यावर मास्तर चिडले आणि पुस्तक मिटून म्हणाले, "पाठांतर आहे हे. पुस्तकातलं नाही, असं एक विचारतो. मेलेले पुन्हा उठतील असं घडाघडा म्हणालीस. ते तुला खरं वाटतं कशावरून?"

तबिथा घुटमळली. त्या प्रश्नाचे उत्तर कोणी शिकवले नव्हते. मग फिरकीकडे बघत ती म्हणाली, "माझी आई गेली, मास्तर, तवा तिला खड्ड्यात उतरवायला दोर नव्हता घरात. तिला मांडवात निजवून बा न् म्या दोर वळाया बसलो. बा रडत हुता. तरीबी त्यानं तो प्रश्न इचारला. म्या उत्तर दिलं, तवा त्यो म्हनला, व्हय. बापानं आईच्या म्होरं खोटं कसं म्हनावं?"

आणि तिने झटका दिला.

सगळे परत आले तेव्हा पेड वेदीपासून ओढ्यापर्यंत जमिनीवर पसरलेला होता, आणि लाजरसच्या मांडीवर मूठभर वाख जशाचा तसा. ते पाहून लोकांच्या तोंडून "धन्य प्रभू!" एवढेच निघाले. बिशपसाहेब वेदीपाशी गेले. त्यांनी तबिथाला गुडघ्यांवर बसवले आणि सर्वांत आधी तिच्याच मस्तकावर हात ठेवले. लाजरसची मान त्या दिवशी जी ताठ झाली, ती साऱ्या गावाने पाहिली. अशी लेक ज्याच्या पोटी, त्याने मान का खाली घालावी?

थिओफिल मास्तर दाराशीच थांबले होते. मग ते हळूहळू पुढे आले आणि महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी त्यांचे खांदे धरले. "मास्तर, मी नुसता पडशीचा धनी. ज्याने वळलं, तो तिथं बसलाय."

मास्तर लाजरसकडे वळले. "लाजरसभाऊ, माझ्या दोन्ही मुलांना हे पुस्तक मी छडी घेऊन पाठ करवलं. दोघं पहिले आले. आज मुंबईला आहेत, आणि रविवार कधी येतो हेही त्यांना ठाऊक नसतं. मी त्यांना प्रश्न विचारले. पण त्यांच्या देखत मी एकदाही 'होय' म्हटलं नाही."

"असं नगा म्हनू, मास्तर..." लाजरस गडबडून उठू लागला.

"बस," मास्तर म्हणाले. "ओढ्याकाठची सगळी मुलं उद्यापासून यादीत. शिकवायची तू." आणि ज्या हातांना ते आजवर घायपाताचा वास येतो म्हणत आले होते, त्याच रक्ताळलेल्या बोटांवर त्यांनी भर मंदिरात आपले कपाळ टेकले.