हलत्या फांदीवरचा कोतवाल

फार पूर्वी एका बाभळीवर पाखरं सगळ्यांसाठी एकच मोठं घरटं विणत होती. काडी कुणीही आणावी, पण शेंड्यावर बसलेल्या कोतवाल पक्ष्याने ‘पक्की’ म्हटल्यावरच ती विणावी, असा नियम होता. कोतवाल मात्र एकाच काडीला घटकेत ‘कच्ची’ म्हणे, घटकेत ‘पक्की’.

“तो ‘कच्ची’ म्हणाला तर मनावर घेऊ नकोस. त्याला पुन्हा विचार,” जुनी पाखरं नव्या सुगरणीला सांगत.

एकदा साळुंकीच्या काडीला तो ‘कच्ची’ म्हणाला. तो ‘पक्की’ म्हणेपर्यंत ती विचारत राहिली आणि मग तिने ती विणली. काडी खरोखरच किडकी होती. घरटं फाटलं आणि आतली अंडी खाली पडून फुटली.

सगळे कोतवालावर तुटून पडले. तेव्हा सुगरण संतापली. “तो आधी ‘कच्ची’च सांगत होता! त्याची फांदी वाऱ्याने हलते, त्याला नीट दिसत नाही, हे रोज बघत होतो ना आपण? मग फांदी बदलायची सोडून पुन्हा पुन्हा काय विचारत बसलो? त्याला भक्कम जागा द्या. तोवर मी एकही काडी विणणार नाही!”

पाखरांनी कोतवालाला जाड फांदीवर बसवलं. त्याने पहिली काडी पारखली ती सुगरणीचीच.

“कच्ची,” तो म्हणाला.

सुगरणीने ती टाकली आणि दुसरी शोधायला उडाली.