एका यंत्रातले तीन वाढपी

नदीकाठच्या एका गावात एकच मोठा कॉम्प्युटर होता. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत तो घुमत बसायचा. मथुराताई त्याची देखभाल करायची. बाई कमी बोलायची, पण यंत्रावरची धूळ रोज स्वतः पुसायची.

त्या यंत्राच्या पोटात एक सर्व्हर चालायचा. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपीच समजा. लोक आपापल्या फोनवर एखादं पान मागतात आणि तो ते आणून वाढतो. गावाची अशी दोन पानं होती. एकावर डेअरीतला दुधाचा भाव असे. दुसऱ्यावर पुलाची खबर असे. नदीवरचा पूल बुटका होता. वरच्या धरणातून पाणी सोडलं की तो बुडायचा. म्हणून धरणावरचा माणूस दरवाजे उघडण्याआधी त्या पानावर तसं लिहायचा. माणसं ते पाहूनच पुलावर पाय ठेवायची.

श्रावणात गावात कुस्त्यांचं मैदान भरायचं. एका वर्षी मैदानाचे पुढारी हिंदुरावतात्या मथुराताईकडे आले.

"मथुरे, यंदा कुस्तीचे निकाल फोनवर दिसले पाहिजेत. कोण चितपट झाला, कोण बरोबरीत सुटला, सगळं तिथल्या तिथं. तुझा वाढपी आहेच. त्याच्याच हाती आमचंही ताट दे."

मथुराताई म्हणाली, "तात्या, तुमच्या पंगतीला सारा तालुका बसणार. एकटा वाढपी तिथंच अडकला तर पुलाचं पान कोण वाढणार? यंत्र एकच राहू दे, वाढपी मात्र मी तीन ठेवते."

"एका घरात तीन चुली? तुझ्या यंत्रात सासवा-सुना भांडल्या की काय?"

"भांडून मांडण्यापेक्षा आधीच मांडलेल्या बऱ्या, तात्या."

आणि तिने खरोखरच एका यंत्रात तीन सर्व्हर मांडले. दुधाचा एक, पुलाचा एक, कुस्तीचा एक. मागणी घ्यायची खिडकी प्रत्येकाची वेगळी. सामानाचा कप्पा वेगळा. मेमरीचा वाटाही वेगळा. एकाची गर्दी वाढली तरी त्याने दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही, अशी व्यवस्था केली.

तात्यांना घाई होती. "आता उघड की आमचं पान! पाहुण्यांना शब्द दिलाय."

"आधी एकेकाला थांबवून बघते," मथुराताई म्हणाली. तिने कुस्तीच्या सर्व्हरला थांबायला सांगितलं. तो चालतच राहिला, आणि थांबला पुलाचा!

थांबवताना कुणाला थांबवायचं ते कळावं म्हणून प्रत्येक सर्व्हर आपला क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो. कुस्तीची मांडणी करताना मथुराताईने पुलाचीच मांडणी उचलली होती. खिडकी बदलली, कप्पा बदलला, चिठ्ठी बदलायची राहून गेली. दोघांची चिठ्ठी एकच झाली होती आणि तिच्यावर क्रमांक पुलाचा होता.

तिने पुलाचा सर्व्हर लगेच चालू केला आणि तात्यांना म्हणाली, "चूक माझी आहे. ती निस्तरल्याशिवाय तुमचं पान उघडणार नाही."

"चूक तुझी आणि खोळंबा आमचा!" म्हणत तात्या पाय आपटत गेले. मथुराताईने प्रत्येकाला आपापली चिठ्ठी दिली. मग एकेकाला पुन्हा थांबवून, चालू करून पाहिलं. खात्री पटल्यावरच तिने कुस्तीचं पान उघडलं.

मैदानाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. हलगी कडाडत होती. हजारो फोन एकदम कुस्तीचं पान मागू लागले, आणि तो सर्व्हर धापा टाकत बसला. तात्या फेटा सावरत खोलीत धावत आले.

"मथुरे, पान बसलं! मोठी कुस्ती अजून व्हायचीय. ते दूध आणि पूल बंद कर. सगळं बळ आमच्याकडं लाव."

"दुधाचा भाव संध्याकाळी लागतो. त्याचा वाटा तुम्हाला देते. पुलाचा देणार नाही."

"अगं, बाहेर बघ तरी! एवढ्या उन्हात पुलाला कोण विचारतंय?"

"ऊन इथं पडलंय, तात्या. धरण वर घाटात आहे."

"सारं गाव तुला बोल लावेल."

"लावू दे."

तिने फक्त कुस्तीचा सर्व्हर थांबवला. त्याला दुधाचा वाटा जोडून दिला आणि पुन्हा उभा केला. पान सावकाश का होईना, चालू लागलं. तात्या पुटपुटत मैदानाकडे गेले.

मोठ्या कुस्तीची वेळ झाली, पण नदीपलीकडचा नामांकित पैलवान धोंडिराम काही आला नाही. लोक शिट्ट्या मारू लागले. तात्यांनी चिडून त्याला फोन लावला.

"अरे, आहेस कुठं?"

"नदीच्या काठावर, तात्या. जीप पुलावर घालणारच होतो. वस्ताद म्हणाले, आधी पुलाचं पान बघ. त्यावर पाणी सोडणार असल्याची खबर होती. गाडी मागं घेतली. आता तर पूलच दिसत नाही."

तात्या नदीवर धावले. ऊन तसंच होतं आणि उन्हात तांबडं पाणी धावत होतं. पलीकडे जीप उभी होती. जीपपाशी धोंडिराम, त्याचे वस्ताद आणि तालमीतली चार पोरं उभी होती. तात्यांनी हात उंच केला. धोंडिरामने तिथूनच मांडीवर शड्डू ठोकला. पाण्याच्या आवाजात तो ऐकू आला नाही, नुसता दिसला. तात्यांचे डोळे भरून आले.

ते सावकाश चालत मथुराताईकडे आले.

"मथुरे, आमच्या पानावर लिही. मोठी कुस्ती पाणी उतरल्यावर होईल."

तिने लिहिलं.

"आणि त्याच्याही वर, ठळक अक्षरात लिही. मैदानाला निघण्याआधी पुलाचं पान बघा."

तात्पर्य: एका छपराखाली अनेकांना नांदवायचं असेल तर ज्याचा त्याचा वाटा आधीच वेगळा करावा, आणि गर्दी कितीही मोठी झाली तरी जीव राखणाऱ्याचा वाटा तिला देऊ नये.