हाकेची घळ

गाडी इथेच ठेवा. पुढे वाट निसरडी आहे. ही समोर दिसते ती घळ. उंबरखिळ्याची माणसे हिला हाकेची घळ म्हणतात. तुमच्यासारखे येणारे तिला हडळीची घळ म्हणतात आणि कठड्याला काळ्या बाहुल्या, लिंबे बांधून जातात. मी इथल्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले. दर श्रावणात त्या बाहुल्या सोडवून जाळणे हे माझ्या मागे लागलेले काम आहे.

हडळीची गोष्ट तुम्हाला पाठ असेलच. पांढरे लुगडे, मोकळे केस, उलटी पावले. धुक्यातून नावाने हाक मारते, ओ दिली की माणूस गेला. ती गोष्ट कशी झाली ते ऐका, आणि मग वाटले तर घाबरा.

सहा-सात पिढ्या झाल्या म्हणतात. गावात साळू नावाची सुईण होती. विधवा, एकटी राहणारी. गावात चाळिशीच्या आतला असा कोणी नव्हता, ज्याची नाळ तिने कापली नव्हती. एकदा श्रावणात ती खालच्या कोंडात, घाटाखालच्या वाडीत, बाळंतपणाला गेली. पाचवीच्या पूजेपर्यंत तिथेच राहायची तिची रीत, म्हणून गावाने तिची वाट पाहिली नाही. पण मूल सुखरूप झाले आणि ती दुसऱ्याच दिवशी घाट चढून निघाली. धुके असे होते की पुढे धरलेला हात दिसत नव्हता. घळीच्या काठाची माती सुटली आणि साळू खाली गेली. वीसेक हातांवर कारवीच्या झुडपांत अडकली. पाय मोडला होता.

तिने हाका मारायला सुरुवात केली. वरच्या आळीपासून, घरांच्या क्रमाने.

"शिरपा... भिवा... तुळसा... अनशी..."

भरदुपार होती. माणसे पडवीत बसून भाताच्या पेंढ्याचे दोर वळत होती. सगळ्यांनी आपापले नाव ऐकले आणि सगळे गप्प राहिले. कारण माहीत आहे ना? जिवंत माणूस तीनदा हाक मारतो, भूत एकदाच मारते, असे त्यांना लहानपणापासून सांगितलेले. साळूजवळ श्वास थोडा आणि नावे पुष्कळ. एकाने ओ दिली नाही की ती पुढच्या घराकडे वळे. म्हणून प्रत्येकाला एकच हाक आली, आणि प्रत्येकाची खात्री पटली. आवाज ओळखीचा वाटला, असे नंतर चौघांनी कबूल केले. पण ओळखीचा आवाज काढते तेच खरे भूत, असे म्हणून त्यांनी दारे लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी भिवा भगताने उपाय काढला. दहा पुरुष ढोल बडवत या काठावर आले. इथेच, तुम्ही उभे आहात तिथे. दहीभात ठेवला, नारळ फोडला, आणि मागे न बघता पळाले. एकानेही खाली वाकून पाहिले नाही. ढोलात तिची हाक बुडून गेली. त्या नारळाची एक कवड मात्र घरंगळत साळूच्या मांडीवर पडली. त्या खोबऱ्यावर आणि खडकातून झिरपणाऱ्या पाण्यावर ती जगली, असे सांगतात. गावातले लोक याला देवीची कृपा म्हणतात. मला वाटते, त्या दहा जणांच्या हातून झालेले तेवढेच एक चांगले काम, आणि तेही चुकून.

तिसऱ्या दिवशी नावे संपली. घसा बसला होता. दुपारी पुन्हा हाक आली, ती अशी:

"शिरपाच्या नव्या सुने... तुझं नाव मला ठावं न्हाय गं. तू तरी ये."

शिरपाची सून वैशाखातच लग्न होऊन आली होती. गजरा तिचे नाव. चुलीपुढे बसली होती. तिने सासूला विचारले, "भुताला समद्यांची नावं येत्यात, मग माझं कसं न्हाय ठावं?"

सासू तिच्या तोंडावर हात ठेवायला धावली. तोवर गजराने ओ दिली होती.

घरात रडारड झाली. गजरा उठली, आडावरचा दोर सोडला. "आता ओ दिलीया, तर जायाला हवं," एवढेच ती म्हणाली. भीती तिलाही वाटली असेल. काठावर येईपर्यंत तिने दोनदा मागे पाहिले, कोणी येते आहे का म्हणून. कोणी येत नव्हते. तिने हेळ्याच्या झाडाला दोर बांधला आणि खाली उतरली.

साळू खडकाला टेकून बसली होती. तिने आधी विचारले, "नाव काय तुझं?"

"गजरा."

"लक्षात ठेवते," साळू म्हणाली, आणि मग रडली.

तिला एकटीने वर काढणे गजराला जमेना. म्हणून तिने नवऱ्याला हाक मारली. बाळकू त्याचे नाव. पहिल्या हाकेला तो आला नाही. दुसरीलाही नाही. तिसऱ्या हाकेला आला, नियम पाळून. मग आणखी दोघे धीटपणा दाखवत आले. घोंगडीच्या झोळीतून साळूला गावात नेले.

तुम्हाला वाटेल, गाव शरमले असेल. महिन्याभरात घळीतल्या हडळीची गोष्ट घरोघरी सुरू झाली होती. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा भुतातून वाचलो म्हणवून घेणे बरे. साळूचे लुगडे उन्हापावसाने विटले होते, ते गोष्टीत पांढरे झाले. तिचा मोडका पाय वाकडा बसला, त्याची उलटी पावले झाली. आणि हे तिच्यादेखत. ती पडवीत वाल सोलत बसलेली असायची, आणि शेजारी माणसे हडळीची गोष्ट रंगवून सांगत असायची.

मार्गशीर्षात भिवा भगताच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवे होते. साळूला पाठुंगळीला घेऊन आणले. तिने अंगणातच आपल्याला खाली ठेवायला लावले आणि समोर उभ्या असलेल्या भिवाला हाक मारली.

"भिवा."

भर सकाळी, हाक मारणारी दोन हातांवर असताना, त्याची जीभ उचलेना.

"मी एकदाच हाक मारते," साळू म्हणाली. "ओ आली तर आत जाईन."

भिवाचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. अंगणातली बाकीची माणसे जमिनीकडे बघत राहिली. घरातून कण्हणे ऐकू येत होते. मग ते थांबले आणि आतून, त्या अडलेल्या पोरीनेच ओ दिली.

साळू सरपटत आत गेली. मूल हाताला लागले, आईही वाचली. बाहेर येऊन तिने सांगितले, "हितनं फुडं ज्या घरातनं पैल्या हाकंला ओ यील, त्याच घरात मी जाईन. माझ्या माघारी गजराबी तसंच करंल." गजराला तिने सगळी विद्या दिली. सुईणीवाचून गावाचे चालेना, म्हणून गाव ओ द्यायला शिकले. शहाणपणाने नव्हे, गरजेने. पण शिकले.

आजही उंबरखिळ्यात बारशाच्या दिवशी बाळाची आत्या या काठावर येते आणि घळीत तोंड करून बाळाचे नाव एकदाच उच्चारते. सारे गाव हातातले काम टाकून अंगणात उभे राहते आणि ओ देते. मूल मोठे झाले की कुठेही असो, त्याच्या हाकेला कोणीतरी उत्तर देणार, हे त्याला त्या दिवशी दिलेले वचन.

गेल्या वर्षी तुमच्यातलेच कोणी अशाच एका बारशाच्या दिवशी झुडपात लपून चित्रण करून गेले. हडळीचा खरा आवाज म्हणून तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर ऐकला तो माझ्या मुलीचा आवाज आहे. नाव तिच्या भाच्याचे, माझ्या नातवाचे आहे, ईशान. वर चढवलेले ते भेसूर संगीत काढून टाका आणि शेवटपर्यंत ऐका. दोनशे माणसे ओ देताना ऐकू येतील.