सुगणामायचं टाकं

आमच्या हिवरगव्हाणच्या नदीला बारा महिने पाणी असायचं, त्या काळातली ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी मारवाडात दुष्काळामागून दुष्काळ पडले, तेव्हा सुगणाबाई नावाची एक रंगारीण नवरा, मुलगा आणि रंगांचं गाठोडं घेऊन चालत निघाली, ती थेट इथं येऊन थांबली. वाहती नदी पाहून ती काठावर बसून रडली, असं म्हणतात. पाणी पाहून रडणारी बाई गावानं पहिल्यांदाच पाहिली.

उपऱ्यांना जागा मिळाली ती वेशीबाहेर. तिथं सुगणानं काय करावं? घराआधी टाकं खोदायला घेतलं! अंगण उतरतं करायचं, चुन्यानं लिंपायचं आणि पावसाचा थेंब न् थेंब जमिनीखालच्या टाक्यात उतरवायचा, ही तिच्या मुलखाची रीत. पण इथं नदी हाकेच्या अंतरावर! गाव पोट धरून हसलं. रानोजी पाटलांनी तर घोडी थांबवली. "अगं बाई, शेजारी गंगा वाहतीय, अन् तू डबकं कशाला खणतीस?"

"पाटील, नदी पाव्हणी असती. टाकं घरचं असतं," असं म्हणून सुगणा पुन्हा चुना कालवायला लागली.

वर्षं गेली. गावातल्या प्रत्येक नवरदेवाचं पागोटं सुगणाच्या हातचं, तरी गावाच्या तोंडी ते घर उपऱ्यांचंच राहिलं. मुलाचं लग्न झालं, सून गरोदर राहिली आणि नेमका पाऊस रुसला. असा रुसला, की नदीत झिरा खणला तरी कोरडी वाळूच हाती यावी. गुरांनी माना टाकल्या. भरलेलं होतं ते एकच, वेशीबाहेरचं टाकं.

गाव हंडे घेऊन दारात उभं राहिलं, पण मागायची कुणाची छाती होईना. मुलगा टाक्याच्या झाकणावर आडवा झाला. "आई, घरात बाळंतपण आलंय. गावाला दिलंस तर चार दिवसांत तळ दिसंल. मग हिला काय पाजायचं?"

सुगणाचं काळीज हललं. तिनं सुनेच्या सुकल्या ओठांकडे पाहिलं. पण तहानेनं माणूस कसा जातो, हे त्या गर्दीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"ऊठ," ती मुलाला म्हणाली. "आपल्या मुलखात टाक्याच्या धन्यानं शेवटी प्यायचं असतं. आधी लेकरं, मग गुरं, मग गाव. मग आपण."

आणि तिनं स्वतः पोहरा सोडला. रोज गाव प्यालं, की तळ दिसायचा. आणि सुनेची प्यायची वेळ आली, की पोहरा काठोकाठ भरून वर यायचा, असं म्हणतात. पाताळातला झरा फुटला म्हणा, नाहीतर तिच्या शब्दाला पाणी जागलं म्हणा. पाऊस येईपर्यंत गावातलं एक वासरूसुद्धा तहानेनं गेलं नाही.

पहिल्या सरींबरोबर नात जन्मली. रानोजी पाटील पागोटं हातात घेऊन आले. "माय, चुकलो. आता वेशीच्या आत राहायला चला."

"टाकं सोडून कशी येऊ?" सुगणा हसली.

पाटील भारी हट्टी माणूस. त्यांनी गावाची वेसच पाडली आणि सुगणाच्या घरापलीकडे नवी बांधली!

पुढं तिच्या मुलानं आणि नातवंडांनी हयातभर गावोगाव फुकट टाकी बांधून दिली. चुना त्यांचा, घाम त्यांचा. नाव मात्र सगळीकडे एकच, सुगणामायचं टाकं.

आजही अक्षय्य तृतीयेला सारं गाव त्या टाक्यापाशी जमतं. गावात जो सगळ्यांत नवा, तो पहिला पितो. पाटलांचं घर शेवटी. गेल्या साली वीटभट्टीवर आलेल्या एका परमुलखातल्या पोरीचा मान होता. ती बिचारी लाजत पुढं आली, पाटलांच्या घरच्या सुनेनं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं, आणि तिनं पहिला घोट घेताच ढोल कडाडले, गाव गरजलं, "सुगणामायचा उदो!"